नाशिकहून दिल्ली विद्यापीठ: अकरावीचे विषय, सीयूईटी आणि दाखले

दिल्ली विद्यापीठाचं नाव घरात बहुधा बारावीच्या जानेवारीत निघतं. तोवर विषय ठरून दीड वर्ष झालेलं असतं.

माझ्या भाचीचं तसंच झालं. कॉलेज रोडला कॉमर्स घेतलं, गणित की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) विचारल्यावर मैत्रिणींसोबत एसपीवर टिक केली, कारण एसपीत मार्क पडतात. पुढे तिला इकॉनॉमिक्स ऑनर्स हवं होतं. दिल्ली विद्यापीठात त्यासाठी सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेत, गणिताचा पेपर लागतो, आणि बारावीला जे विषय असतील त्यांचेच पेपर धरतात. विषय संपला. बी.कॉम. ऑनर्सला मात्र गणिताऐवजी अकाउंटन्सी चालतं, ती त्या वाटेने गेली.

सीयूईटीला बारावी पास किंवा त्या वर्षी बसलेला कोणीही चालतो, वयाची अट नाही. २०२५ पासून परीक्षा फक्त संगणकावर होते. जास्तीत जास्त ५ विषय, प्रत्येकाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं की १ वजा. माध्यमाच्या १३ भाषांत मराठी आहे. बारावी पास व्हावंच लागतं, पण मेरिट सीयूईटीच्या गुणांवर लागतं. बोर्डाचे टक्के बरोबरी झाली तरच बघतात. अभ्यासाला एनसीईआरटीची पुस्तकं आणा. इकॉनॉमिक्समध्ये भारतीय अर्थव्यवस्थेच्या विकासाचा जो भाग विचारतात, तो सगळा बालभारतीच्या पुस्तकात सापडत नाही.

आता कागद, खरी धावपळ इथेच आहे.

आधी नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. शिवाय एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे गायब. फॉर्मात दहावीच्या मार्कशीटप्रमाणे नाव भरायचं, म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि आधारची दुरुस्ती अकरावीतच उरका. सीयूईटीत भरलेली माहितीच पुढे विद्यापीठाच्या पोर्टलवर जाते.

ओबीसींनी नॉन-क्रिमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात मागायचा. सेतू केंद्रात तसं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचा नमुना हातात पडतो. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी बघा. दिल्ली विद्यापीठाला त्या वर्षीच्या ३१ मार्चनंतर काढलेला दाखला लागतो, म्हणजे दिवाळीत हौसेने काढलेला उपयोगाचा नाही. जुना दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचे कागद मात्र दिवाळीतच गोळा करून ठेवा. बारावीच्या निकालानंतर सेतूसमोर रांग कशी असते ते नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळून जाताना सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मराठा विद्यार्थ्यांनो, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतं आहे. दिल्लीत ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण, बघावं लागतं, आणि त्यातही केंद्राचा नमुना. तिथे कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांची इथे गोची होते: बाग गारपिटीत गेली आणि हाती काही आलं नाही, तरी सातबाऱ्यावर साडेपाच एकर दिसले की ईडब्ल्यूएस नाही. उत्पन्नात शेती आणि पगार दोन्ही धरतात. नॉन-क्रिमी लेयरच्या उत्पन्न मर्यादेत मात्र हे दोन्ही धरत नाहीत. घरोघरी यावरूनच गोंधळ असतो. हाही दाखला चालू आर्थिक वर्षाचाच हवा.

पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी मुलांना जमातीचा दाखला पुरतो. जात पडताळणीसाठी थांबून अर्ज अडवू नका. ती राज्यातल्या प्रवेशांना लागते.

परीक्षेच्या फॉर्ममध्ये केंद्रासाठी नाशिक पहिलं टाका. पण सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. दिल्ली विद्यापीठाच्या सीएसएएस या प्रवेशाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करून कोर्स आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पसंती भरताना हात आखडू नका, पन्नास भरल्या तरी चालेल. सीट मिळाल्यावर ती दिलेल्या मुदतीत स्वीकारायची आणि फी भरायची. ‘पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज मिळेल’ म्हणून न स्वीकारता बसलात तर आहे ती सीटही जाते. आधी स्वीकारा, फी भरा, मग अपग्रेडचा पर्याय निवडा.