पातळ कागदाचं धुकं

युरी नॉरस्टाइन या सोव्हिएत दिग्दर्शकाच्या ‘हेजहॉग इन द फॉग’ (१९७५) या अॅनिमेशनपटाची गोष्ट एका ओळीत संपते. एक हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेला छोटा प्राणी, आपल्या अस्वल मित्राकडे निघतो, वाटेत धुक्यात हरवतो आणि अखेर पोहोचतो. जेमतेम दहा मिनिटं. ‘पुढे काय?’ असं विचारत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. पाहायचं ते धुकं.

ते होतं एका अतिशय पातळ कागदाचं. कागद चित्रावर ठेवायचा आणि एकेका फ्रेमला जरासा उचलत कॅमेऱ्याकडे न्यायचा. कागद चित्राला टेकलेला असताना खालचं बऱ्यापैकी दिसतं. वर उचलला की चित्राकडून येणारा प्रकाश त्यात विखुरतो आणि रेषा विरघळू लागतात. ट्रेसिंग पेपर छापील ओळींवरून उचलून पाहा, लगेच कळेल. खऱ्या धुक्यात कागदाची जागा पाण्याचे सूक्ष्म थेंब घेतात. वस्तू जितकी दूर, तितका तिचा आणि मागच्या पांढुरकेपणाचा फरक कमी, आणि या फरकावरूनही मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. तो फरकच काढून घेतला की झाड दोन पावलांवर आहे की वीस, हे हेजहॉगला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. त्याची भीती आपल्याला कुणी सांगावी लागत नाही.

रात्रीच्या दृश्यांतल्या निळ्या छटेमागेही डोळाच आहे. भरपूर उजेडात डोळ्यातल्या शंकूपेशी काम करतात. त्यांची एकत्रित संवेदनशीलता साधारण ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक. अंधारात दंडपेशी सूत्रं हाती घेतात आणि हा बिंदू ५०० च्या आसपास, निळ्या-हिरव्याकडे सरकतो. म्हणून संध्याकाळी लाल फूल काळवंडतं, पण पानं अजून उजळ वाटतात. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

आणि हे सगळं पोहोचतं किती झपाट्यानं! २०१४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मेरी पॉटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकापाठोपाठ झरझर दाखवलेल्या चित्रांपैकी एखादं फक्त १३ मिलिसेकंद दिसलं, तरी त्यात काय होतं हे लोक निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा ओळखतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या सिनेमातली एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंद टिकते. पहिला संवाद यायच्या कितीतरी आधी प्रेक्षक त्या जागी पोहोचलेला असतो.

कथा कशीही चालेल, असं मात्र मी म्हणत नाही. रटाळ सिनेमा सुंदर धुक्यानंही वाचत नाही. पण कधी कधी शैलीच कथा सांगते. ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०१८) जंगलातून झोके घेताना सराईत स्पायडर-मॅन पीटरची पोझ दर फ्रेमला बदलते, नवखा स्पायडर-मॅन असलेल्या माइल्सची मात्र दर दोन फ्रेमला. दोघं एकाच पडद्यावर, एकाच वेगानं पुढे जातात, तरी माइल्स किंचित अडखळतोय असं वाटत राहतं. का, ते बहुतेकांना सांगता येत नाही.