सुपरमार्केटमधली वाईन: वादाच्या मागचं नाशिक

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि पुढे कितीतरी दिवस टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर तोच विषय चालू होता. त्या सगळ्यात द्राक्ष बागायतदार आला तो तोंडी लावण्यापुरता. सरकार म्हणालं शेतकऱ्यासाठी, विरोधक म्हणाले शेतकऱ्याच्या नावाखाली, पण हा उद्योग उभा राहताना आणि एकदा बसताना त्या शेतकऱ्याचं काय झालं हे फारसं कुणी सांगितलंच नाही.

फार जुनं थोडक्यात. १८८० च्या दशकात काश्मीरची वाईन कलकत्त्याच्या प्रदर्शनात मांडलेली होती, पुढे फायलोक्सेरा किडीने वेली संपवल्या. गोव्यात पोर्तुगीजांमुळे गोड पोर्ट वाईन रुजली. स्वातंत्र्यानंतर घटनेत दारूबंदीचा प्रयत्न करा असं सरकारला सांगणारं कलम ४७ आलं, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि वाईन त्याच कायद्याखाली गेली ती आजपर्यंत.

आजच्या उद्योगाची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली. तिथल्या एका उद्योजकाने फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातून तज्ज्ञ आणून फसफसणारी वाईन बनवली आणि ती चक्क परदेशात विकली. त्याच सुमारास बंगळुरूजवळ नंदी हिल्सला फ्रेंच जातींच्या बागा लागल्या. मग अमेरिकेत शिकून, तिथली नोकरी सोडून आलेल्या एका तरुणाने नाशिकला घरच्या जमिनीत १९९७ च्या आसपास वेली लावल्या आणि २००० मध्ये त्याची पहिली बाटली बाजारात आली. आज देशातली सगळ्यात मोठी वाईन कंपनी तीच.

पण खरा धक्का दिला तो २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने. वाईनवरचं उत्पादन शुल्क दहा वर्षं माफ, परवाने सोपे, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क. मग काय, निफाड-दिंडोरीकडे जो तो वायनरी काढायला निघाला. ज्यांनी आयुष्यभर थॉम्पसन आणि सोनाका ही खायची द्राक्षं पिकवली त्यांनी शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लां या वाईनच्या जाती लावल्या, कुणी कंपनीशी करार करून, कुणी नुसत्या तोंडी भरवशावर.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी कारण पुढचं सगळं नुकसान त्यातूनच झालं. खायच्या द्राक्षाला मणी मोठा लागतो, त्यासाठी घड जीए या मणी फुगवणाऱ्या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवतात, बी नको, साल पातळ हवी. वाईनच्या द्राक्षाचं बरोबर उलटं, मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि रंग-चव सगळी त्या सालीत. फेब्रुवारीत तोडणीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून साखर बघतात आणि ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, जमलं की पहाटेच्या गारव्यात क्रेट भरून माल वायनरीकडे जातो. छाटण्या मात्र दोन्हींना दोनच, एप्रिलची खरड आणि पावसाळा सरल्यावरची गोडी. युरोपात थंडीने वेल झोपते, आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून दोनदा छाटायची आणि पीक एकदाच घ्यायचं. आता हा माल वायनरीने उचलला नाही तर करायचं काय? मार्केट यार्डात बारीक मण्याची बियांची द्राक्षं कोण घेणार, बेदाणाही धड होत नाही.

आणि २००८-०९ ला नेमकं तेच झालं. जागतिक मंदी आली, २६/११ नंतर मुंबई-गोव्याची हॉटेलं रिकामी पडली, वायनऱ्यांच्या टाक्या आधीच्या हंगामाच्या वाईनने भरलेल्या, आणि परदेशात कंपन्या खरेदी करत सुटलेली नारायणगावची जुनी कंपनी कर्जाखाली कोसळली. करार कागदावर राहिले. बागायतदारांनी वाईनच्या वेली उपटून परत खायची द्राक्षं लावली, उभी बाग तोडायला लागणं म्हणजे काय ते ज्याची बाग आहे त्यालाच कळतं. छोट्या वायनऱ्या तर एकामागून एक बंद झाल्या.

मोठ्या कंपन्या तगल्या त्या बऱ्याच अंशी करांमुळे. २००७ मध्ये अमेरिका आणि युरोपने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केल्यावर केंद्राने आयात वाईनवरचं जादा शुल्क काढलं खरं पण मूळ सीमाशुल्क १५० टक्के केलं, म्हणजे भिंत तिथेच राहिली. राज्यानेही व्हॅटचा परतावा सुरू केला, २० टक्क्यांतले १६ टक्के परत. २०१० च्या सुमारास ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०११ मध्ये भारत वाईनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला.

आता २०२२ चा निर्णय. बातम्यांमध्ये तो ‘किराणा दुकानात दारू’ असा गेला, जो सरळसरळ चुकीचा होता. किमान १०० चौरस मीटरचं सुपरमार्केट, त्यात वेगळं कुलूपबंद कपाट, शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही, एवढ्या अटी होत्या. म्हणजे गल्लीतल्या वाण्याचा संबंधच नव्हता. हेतू असा की छोट्या वायनरीला शेल्फ मिळावं, कारण वाईन शॉपमध्ये व्हिस्की-बिअरच्या गर्दीत तिची बाटली मागे पडते, दुकानदाराला त्यात मार्जिन दिसत नाही आणि जाहिरात करायला कायद्याने बंदी. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की भाजीपाल्याबरोबर बाटली दिसायला लागली की घरात दारूची सवय लागेल, आणि ज्या बायकांनी गावोगाव बाटली आडवी केली त्यांचा हा मुद्दा मी हलका मानत नाही. राळेगणच्या ज्येष्ठ समाजसेवकांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने आधी लोकांच्या हरकती मागवू म्हणून सांगितलं, उपोषण टळलं. जूनमध्ये सरकारच पडलं आणि निर्णय लागू न होता तसाच राहिला.

मला खटकतं ते वेगळंच. आदल्याच नोव्हेंबरात राज्याने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं तेव्हा याच्या निम्माही आवाज झाला नव्हता, आणि त्या बाटलीत इथल्या एकाही शेतकऱ्याचं द्राक्ष नव्हतं.

जगाच्या हिशोबात आपण अजून फार लहान. जगातल्या वाईन उत्पादनात आपला वाटा एक टक्कासुद्धा नाही, देशातल्या द्राक्षांचा अगदी थोडा भाग वाईनला जातो, बाकी खायला आणि बेदाण्याला. २०२२ च्या डिसेंबरात मात्र दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. नाशिकची ती मोठी कंपनी शेअर बाजारात आली आणि २९ तारखेला ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू झाला. त्यात ५ डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं सीमाशुल्क १५० वरून लगेच १०० टक्के आणि दहा वर्षांत ५० होणार, १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर लगेच ७५ आणि पुढे २५. ५ डॉलरच्या खालच्या बाटलीला सवलत नाही, त्यामुळे आपली रोजची स्वस्त वाईन तूर्त वाचली, पण महागड्या बाटलीच्या स्पर्धेत भिंत खाली यायला सुरुवात झाली. व्हॅटचा परतावा मध्ये थकला होता, राज्याने २०२३ च्या अखेरीस तो पुन्हा पाच वर्षांसाठी सुरू केला. म्हणजे आत्ता शिराझची नवी बाग लावायची की नाही हे ठरवणाऱ्या बागायतदाराने सुपरमार्केटच्या कपाटापेक्षा सीमाशुल्क आणि व्हॅटचा परतावा या दोन आकड्यांकडे बघावं, आणि कंपनीकडून माल उचलण्याचा करार लेखी घ्यावा.