२० घोडे, ४५ घोडे आणि एक लिटर हवा

रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं आहे आणि ताकद साधारण २० अश्वशक्ती. कावासाकीची निन्जा झेडएक्स-२५आर जेमतेम २५० सीसीची. २०२० साली ती जपानमध्ये आली तेव्हा तिची ताकद होती ४५ अश्वशक्ती. इंजिन शंभर सीसीनं लहान आणि ताकद दुपटीहून जास्त. हे आकडे शेजारी ठेवले की बहुतेक जण पहिल्या इंजिनाला मागासलेलं ठरवून मोकळे होतात. मला हा निवाडा चुकीचा वाटतो. का, ते समजायला एक लिटर हवेचा हिशोब पुरतो.

इंजिनात पेट्रोल कितीही सोडता येईल, पण ते जाळायला हवा लागते, आणि दट्ट्या खाली जाताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा होते साधारण तेवढीच हवा आत येते. सीसी म्हणजे घन सेंटीमीटरांत मोजलेली ही जागा; हजार सीसींचा एक लिटर. समजा ती एक लिटर आहे. एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणजे आपल्या लिटरभर हवेत ०.०८ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल जळेल आणि त्यातून ३,६०० ज्यूल उष्णता निघेल. यातली ढोबळमानानं ३० टक्के कामी येते. बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या तापलेल्या अंगावरून निघून जाते. हाती उरतात १,०८० ज्यूल. फोर-स्ट्रोक इंजिनात हे काम क्रँकशाफ्टच्या, म्हणजे दट्ट्याच्या वर-खाली जाण्यानं फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत मिळून होतं. दोन फेऱ्यांचा कोन १२.५७ रेडियन, त्यानं भागलं की उत्तर येतं ८६ न्यूटन-मीटर. हा झाला टॉर्क, क्रँकला मिळणारा पीळ. पान्ह्यानं नट आवळताना आपण लावतो त्याच जातीचा.

कागदावरचा हा ८६ खऱ्या गाड्यांशी ताडून पाहू. क्लासिकचा कमाल टॉर्क २७ न्यूटन-मीटर, म्हणजे लिटरमागे ७७. झेडएक्स-२५आरचा २१, लिटरमागे ८४. ट्रायम्फ रॉकेट ३ चं इंजिन तब्बल २,४५८ सीसीचं, टॉर्क २२१, लिटरमागे ९०. आणि बीएमडब्ल्यूची एस १००० आरआर, २०१९ ची, ९९९ सीसीला ११३. एक निवांत चालवायची, एक चिमुकली रेसर, एक अजस्र रोडस्टर आणि एक थेट ट्रॅकवर शोभणारी. तरीही चौघींचा लिटरमागचा टॉर्क ७७ ते ११३ च्या पट्ट्यात बसतो. बीएमडब्ल्यू वर सरकते कारण तिचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पटीनं दाबलं जातं ते प्रमाण, १३.३ आहे आणि क्लासिकचा ९.५, मिश्रण जास्त दाबून पेटवलं की उष्णतेतला जास्त वाटा कामाला येतो. शिवाय तिच्या इनटेकमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेनं, धावत येणारी हवा स्वतःच्याच रेट्यानं सिलिंडरमध्ये थोडी जास्त कोंबली जाते.

आता याच क्रमानं लिटरमागची अश्वशक्ती: ५८, १८०, ६८, २०७. टॉर्कमध्ये फरक दीडपटीचा होता, इथे तो साडेतीनपटीचा झाला.

हा फरक आणला फेऱ्यांनी. मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्या आहे ७५ किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर उचलणं. जेम्स वॉटनं घोड्यावरून ठरवलेलं माप याहून किंचित मोठं आहे. दोन्हींत काळ आहे. एका फेरीत किती काम झालं हे टॉर्क सांगतो, आणि अशा फेऱ्या किती पटापट झाल्या हे धरलं की ताकद मिळते. टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ९,५४९ नं भागा, किलोवॅट येतात. क्लासिक आपली सगळी ताकद मिनिटाला ६,१०० फेऱ्यांना देते, झेडएक्स-२५आर १५,५०० ला. छोटं इंजिन एका घासात कमी हवा खातं, पण अडीचपट वेगानं.

मग क्लासिकलाच १५,५०० वर का पळवू नये? तिचा दट्ट्या प्रत्येक अर्ध्या फेरीत ८५.८ मिलिमीटर जातो, थांबतो आणि उलटा फिरतो. ६,१०० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग निघतो सेकंदाला १७.४ मीटर. झेडएक्स-२५आरचा स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची ही धाव, ३१.८ मिलिमीटर, फेऱ्या १५,५००, वेग १६.४. रॉकेटचा ८५.९ मिलिमीटर, फेऱ्या ६,०००, वेग १७.२. हे तीन आकडे मी पहिल्यांदा एकाखाली एक लिहिले तेव्हा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो होतो. कानाला एक इंजिन धडधडतं, दुसरं किंचाळतं, पण आतल्या दट्ट्यांच्या दृष्टीनं तिन्ही जवळपास सारख्याच वेगानं राबतात. क्लासिक १५,५०० वर नेली तर हाच वेग ४४ मीटरवर जाईल आणि दट्ट्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण साडेसहापट होईल, कारण तो फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. आताच तो काही कमी नाही. झेडएक्स-२५आरचा दट्ट्या १५,५०० फेऱ्यांना वरच्या टोकाशी उलटा वळतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पाच हजार पटींच्या घरात असतं. म्हणजे तिथला शंभर ग्रॅमचा भाग रॉडला अर्ध्या टनाच्या जोरानं ओढतो, सेकंदाला अडीचशेहून जास्त वेळा.

म्हणूनच २५० सीसीचे चार तुकडे करतात. बासष्ट सीसीच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या हलका, स्ट्रोक आखूड, तो झपाझप फिरू शकतो. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण रेसिंगमधलं नाही. १९५८ ची होंडा सुपर कब ४९ सीसीची साधीसुधी गाडी. ताकद साडेचार अश्वशक्ती, पण ९,५०० फेऱ्यांना, कारण स्ट्रोक फक्त ३९ मिलिमीटरचा. लिटरमागे हिशोब केला तर ती ९२ वर जाते आणि आजच्या रॉकेटला मागे टाकते.

वरच्या फेऱ्यांचं मोल मात्र खालच्या फेऱ्यांमध्ये मोजावं लागतं. १५,५०० फेऱ्यांना एक पूर्ण फेरी चार मिलिसेकंदांत संपते. एवढ्यात सिलिंडर भरायचा तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडून उशिरा मिटावा लागतो. दट्ट्या वर निघाला तरी तो उघडाच असतो, कारण धावत्या हवेचा लोंढा अजून आत येत असतो. हेच इंजिन ३,००० वर चालवलं की हवेला तो वेग नसतो आणि आत आलेलं थोडं मिश्रण दट्ट्या परत बाहेर ढकलतो. म्हणून अशा गाड्या खाली मरगळलेल्या वाटतात आणि वर गेल्या की एकदम जाग्या होतात. निवांत इंजिनाचे कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते उंचवटे, नेमके उलट कापलेले असतात. बीएमडब्ल्यूनं २०१९ च्या एस १००० आरआरमध्ये इनटेकला दोन प्रकारचे कॅम बसवले आणि ९,००० फेऱ्यांना एकावरून दुसऱ्यावर जायची सोय केली.

आता सुरुवातीच्या दोन गाड्या ४,००० फेऱ्यांवर आणू. क्लासिक तिथे तिचा पूर्ण २७ न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्ती. झेडएक्स-२५आरला तिचा कमाल २१ मिळतो १३,००० फेऱ्यांना. तो ४,००० ला मिळाला असं उदारपणे धरलं तरी ताकद १२ अश्वशक्तीच भरते, आणि प्रत्यक्षात ती त्याहून कमी असते. ४५ घोड्यांची गाडी इथे २० घोड्यांच्या गाडीच्या मागे आहे. लोक ज्याला पिकअप म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच असतो: गिअर न बदलता मूठ पिळली आणि गाडी पुढे सरसावली.

यावरून ‘टॉर्कच खरा, अश्वशक्ती नुसती जाहिरात’ असं म्हणणारेही भेटतात. तेही मला पटत नाही, कारण मध्ये गिअरबॉक्स आहे. गिअर फेऱ्या कमी करतो तेवढ्या पटीनं टॉर्क वाढवतो, त्यामुळे जास्त फिरणाऱ्या इंजिनाला ठेंगणे गिअर देता येतात आणि चाकाशी पोचणारा पीळ मोठा होतो. ठरावीक वेगाला चाक जमिनीला किती ढकलेल हे शेवटी ताकदच ठरवते. ताशी ६० किलोमीटरला क्लासिकच्या २० अश्वशक्तीतून, म्हणजे १५ किलोवॅटमधून, फार तर ९०० न्यूटनचा रेटा मिळेल, ४५ अश्वशक्तीतून २,००० च्या जवळ, चेन-गिअरची गळती सोडून. अट इतकीच की चालकानं इंजिन त्या वरच्या फेऱ्यांत ठेवलं पाहिजे. ट्रॅकवर तो ठेवतो. मागे माणूस, सामान आणि पुढे चढण असताना रोज तसं चालवणं दमवणारं असतं, म्हणून टूरिंगच्या आणि क्रूझर गाड्यांचे अभियंते कमाल ताकद सोडून मधल्या फेऱ्यांचा टॉर्क जपतात. मी त्याला मागासलेपण म्हणणार नाही.

वेग वाढला की मात्र अश्वशक्तीला पर्याय उरत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, तो कापायला लागणारी ताकद घनानं. सरळ बसलेल्या चालकासह ताशी १०० ला फक्त हवेसाठी सात किलोवॅट, म्हणजे साडेनऊ अश्वशक्ती लागते असं धरलं, तर २०० ला आठपट, ७६ लागेल. ३०० ला गाडीचं अंग सुबक करून चालक टाकीवर झोपल्याशिवाय हिशोब जुळतच नाही. वजनाचा अडथळा वेगळा, तो वेग घेताना जाणवतो. रॉकेटकडे १६७ घोडे आहेत, पण अंग तीनशे किलोच्या आसपास; बीएमडब्ल्यू २०७ घोड्यांसह १९७ किलोची.

विजेच्या मोटारसायकलला हा हवेचा हिशोब लागूच होत नाही. मोटारीला श्वास घ्यायचा नसतो, त्यामुळे तिचा पूर्ण टॉर्क थांबलेल्या चाकापासूनच हजर असतो.

मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींचे नियम वाचताना या सगळ्याचा धागा हाती लागतो. २०१२ पासून तिथे इंजिन १,००० सीसीपर्यंत, सिलिंडर जास्तीत जास्त चार आणि बोअर ८१ मिलिमीटरच्या आत, असा नियम आहे. ताकदीवर मर्यादा नाही, सिलिंडरच्या रुंदीवर आहे. रुंदी बांधली की २५० सीसी भरायला स्ट्रोक ४८.५ मिलिमीटरपेक्षा आखूड करताच येत नाही, आणि मग फेऱ्या किती वर न्यायच्या हे दट्ट्याचा वेगच ठरवतो. २०२७ पासून इंजिन ८५० सीसीचं आणि बोअर ७५ मिलिमीटरचा होणार आहे. भागाकार केला तर नवा स्ट्रोक येतो ४८.१. दट्ट्याची धाव जवळपास तेवढीच राहिली. कमी झाली ती एका घासातली हवा.