मुलांच्या कामासाठी परदेशी देणगी: एफसीआरए नोंदणी, बालसंरक्षणाची कागदपत्रे आणि ‘दिल्लीतला आपला माणूस’

परदेशातून आलेल्या पैशावर मुलांसाठी काम करायचे तर संस्थेला दोन वेगळ्या ठिकाणी अर्ज करावे लागतात. परदेशी पैसे घेण्याची परवानगी, म्हणजे एफसीआरए या कायद्याखालची नोंदणी, दिल्लीचे केंद्रीय गृह मंत्रालय देते. मुलांना ठेवून घेण्याची नोंदणी राज्य सरकारकडे होते आणि तिचा रस्ता जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयातून जातो. एकीकडचा कागद दुसरीकडची हमी देत नाही. एफसीआरए प्रमाणपत्र मिळाले म्हणजे संस्थेतली मुले सुरक्षित आहेत, असे कोणी तपासून सांगितलेले नसते. बहुतेक विश्वस्त मंडळे आधी दिल्लीचा अर्ज भरतात आणि मुलांचे कागद ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतात. माझे मत उलटे आहे. मुलांची फाइल आधी पूर्ण करा.

याला मुंबईतच कारण घडलेले आहे. कुलाब्यातील अँकरेज या आश्रयगृहात मुलांचे लैंगिक शोषण झाले आणि त्यात दोन ब्रिटिश नागरिक दोषी ठरले. त्यातला एक तर संस्थेचा संस्थापकच होता. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने दोघांना सोडले, आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. गोव्यात मडगावला अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप झाली. दोन्ही ठिकाणी मुलांवर अत्याचार करणारा माणूस संस्थेचा कारभारीच होता. तेव्हा ‘तक्रार संस्थाप्रमुखांकडे करावी’ एवढ्या एका ओळीचे बालसंरक्षण धोरण असेल तर ते नसल्यासारखेच.

मुलांची फाइल

निराधार किंवा काळजीची गरज असलेली मुले तुमच्याकडे राहत असतील, तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे. सरकारी अनुदान मिळते की नाही याचा इथे संबंध नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस विचारात घेऊन नोंदणी दिली जाते. मुदत पाच वर्षे. विनानोंदणी संस्था चालवली तर कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अर्ज करण्यात होणाऱ्या प्रत्येक ३० दिवसांच्या दिरंगाईचा गुन्हा वेगळा धरला जातो. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल ठेवून घेऊ नये. हरवलेले किंवा एकटे सापडलेले मूल कोणी आणून सोडले, तर २४ तासांच्या आत समितीला किंवा पोलिसांना कळवावे लागते.

अभ्यासिका, खेळाची शिबिरे, शाळेबाहेरचे वर्ग चालवणाऱ्यांना वाटते की आपण यातून सुटलो. तसे नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या नियम २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची आहे आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करायची आहे. शिक्षक, स्वयंपाकी, गाडीचा चालक, कंत्राटावरचा रखवालदार, सगळे यात आले. विश्वस्तांची पडताळणी करून घेताना चेहरे वाकडे होतात, पण वर सांगितलेली प्रकरणे पाहता सुरुवात तिथूनच व्हावी.

परदेशी स्वयंसेवक येणार असेल तर आपल्या पोलिसांकडे त्याच्याबद्दल काहीच नोंद नसते. ब्रिटनमधून येणाऱ्यांसाठी ‘इंटरनॅशनल चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट’ नावाचा दाखला मिळतो. तो तिथल्या पोलीस नोंदी तपासून दिला जातो. माणूस विमानात बसण्याआधी तो मागवा. देणगीदाराचा मुलगा आहे, दोनच आठवडे राहणार आहे, ही सवलत देऊ नका. मोठ्या मदतसंस्थांनी २०१९ पासून आपसात एक पद्धत लावली आहे: नव्या उमेदवाराने मागच्या पाच वर्षांत जिथे नोकरी केली त्या संस्थांना थेट विचारायचे, की लैंगिक गैरवर्तनाची काही नोंद आहे का? हैतीतील २०१० च्या भूकंपानंतर ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांचे लैंगिक गैरवर्तन उघड झाले, पण संस्थेच्या तिथल्या प्रमुखाला गाजावाजा न करता राजीनामा देऊन जाऊ दिले गेले. २०१८ मध्ये हे जगासमोर आले तेव्हा संस्थेला ब्रिटिश सरकारच्या नव्या निधीसाठी अर्ज करणे थांबवावे लागले.

धोरणात एक गोष्ट ठळक लिहा. अत्याचाराचा संशय आला की आधी अंतर्गत चौकशी, मग पोलीस, असा क्रम कायद्यात नाही. पॉक्सो कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना लगेच कळवायचे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना दिसेल अशा उंचीवर, मराठीत आणि मुलांची जी भाषा असेल तीत लावा. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली होती. आता ती सरकारी यंत्रणेत आहे.

आणि फोटो. देणगीदाराला पाठवायच्या अहवालात बालगृहातल्या मुलाचे नाव, चेहरा, गाव, ‘याची आई अशी वारली’ असली गोष्ट सर्रास छापली जाते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. देणगीदार आग्रह धरत असेल तर कलमाचा क्रमांक कळवा. समजूतदार असेल तर थांबतो, नसेल तर त्याचे पैसे नकोत.

पैशाची पात्रता

आता एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम २०१०. नियमित नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे चालू असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मिळून किमान १५ लाख रुपये मूळ कामावर खर्च झालेले असावेत. कार्यालयाचा खर्च यात धरत नाहीत. इमारत, वाहन, उपकरणे यांवरचा भांडवली खर्च मोजायचा असेल, तर ती मालमत्ता त्याच कामासाठी वापरू असे हमीपत्र द्यावे लागते. इतके वय किंवा खर्च नसलेल्या संस्थेसाठी ‘पूर्वपरवानगी’ हा मार्ग आहे: एक ठरलेला देणगीदार, ठरलेली रक्कम, ठरलेले काम. त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र लागते. एप्रिल २०२५ च्या आदेशानुसार परवानगीपासून तीन वर्षांत पैसे घ्यायचे आणि चार वर्षांत खर्चायचे आहेत. देणगीदार संस्थेची माणसेच तुमच्या मंडळावर बसलेली चालत नाहीत. मंडळातील किमान ७५ टक्के सदस्य देणगीदाराचे सदस्य किंवा नोकर नसावेत आणि प्रमुख पदाधिकारी तर मुळीच नसावा.

अमेरिकेतल्या नातलगांकडून आलेल्या देणगीबाबत गावोगावच्या संस्थांचा गोंधळ असतो. पुण्याहून गेलेला, अजून भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो ते परकीय अंशदान नाही. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला, मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड घेतले, की त्याची देणगी परकीय. परदेशातील महाराष्ट्र मंडळाने संस्था म्हणून पाठवलेले पैसेही परकीयच. म्हणून देणगीदाराचा पत्ता विचारून भागत नाही, पासपोर्टची प्रत घ्या. संगणक, लॅपटॉप अशा वस्तूही यात मोडतात.

अर्ज आणि कागद

अर्ज फक्त ऑनलाइन. नोंदणीसाठी नमुना एफसी-३ए, पूर्वपरवानगीसाठी एफसी-३बी, नूतनीकरणासाठी एफसी-३सी. शुल्क पोर्टलवरच भरले जाते. लागणारे कागद असे: धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र किंवा घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि कामाचा वर्षनिहाय अहवाल, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, संस्थेचा पॅन, सगळ्या पदाधिकाऱ्यांचे आधार (परदेशी व्यक्ती असेल तर पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड) आणि प्रत्येकाचे प्रतिज्ञापत्र. शिवाय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील एफसीआरए खात्याचा तपशील. २०२० पासून परकीय पैसा फक्त याच शाखेत उतरतो. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेतून खाते उघडता येते.

महाराष्ट्रात अर्ज अडण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांतला बदल नोंदवण्याचा अर्ज. विश्वस्त बदलले, निवडणूक झाली, बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षे पडून आहे आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, अजून वारलेल्या अध्यक्षांचे नाव. दिल्लीला दिलेली यादी आणि परिशिष्ट जुळले नाही तर प्रश्न येणारच. आधी ते मार्गी लावा. कायद्यात सर्वसाधारणपणे ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, पण मध्ये स्थानिक चौकशी होते. प्रकल्पाच्या तारखा ९० दिवसांवर बेतू नका.

चहापाण्याची गोष्ट

‘दिल्लीत आपला माणूस आहे’ असे सांगणारा प्रत्येक जिल्ह्यात भेटतो. मे २०२२ मध्ये सीबीआयने देशभर छापे घालून गृह मंत्रालयाच्या एफसीआरए विभागातील अधिकारी, मध्यस्थ आणि संस्थांचे प्रतिनिधी यांना लाच देऊन फाइल पुढे सरकवण्याच्या व्यवहारात अटक केली. संस्थांची माणसेही त्यात होती, हे लक्षात घ्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पासून लाच देणाराही आरोपी ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. राज्याच्या कर्मचाऱ्याने मागितली तर राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४, केंद्राच्या कर्मचाऱ्याने मागितली तर सीबीआयची लाचलुचपत शाखा.

देणगीदार ब्रिटनमधला असेल तर त्याचा २०१० चा लाच कायदा फाइल हलवण्यापुरते दिलेले किरकोळ पैसेही माफ करत नाही. तुमच्याकडे पैशाची अफरातफर झाली किंवा मुलाला इजा झाली, तर तो प्रकार धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या चॅरिटी कमिशनला कळवणे त्याच्याकडून अपेक्षित असते. त्यामुळे तो खरेदीची कोटेशने, हजेरीपट, व्हाउचर मागतो तेव्हा अविश्वास दाखवला असे समजू नका. तो बालसंरक्षण धोरण मागतो, त्यावर मात्र इंटरनेटवरून उतरवलेले इंग्रजी धोरण देऊ नका. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना वाचता येईल असे द्या.

पैसे आल्यावर

परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मुंबईच्या मोठ्या संस्थेने घेऊन गडचिरोलीतल्या छोट्या संस्थेला वाटायचे, हे २०२० मध्ये बंद झाले. छोट्या संस्थांवर हा घाव मोठा आहे आणि मला तो अन्यायकारक वाटतो, पण नियम आहे. परकीय पैशातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांहून जास्त करता येत नाही. शिक्षक, डॉक्टर यांचे पगार त्यात मोजत नाहीत. वर्षाला दहा लाखांहून अधिक परकीय देणगी घेणाऱ्या संस्थेचे संचालक, व्यवस्थापक, सचिव लोकपालाच्या कक्षेत येतात. पदाधिकारी बदलले तर ४५ दिवसांत नमुना एफसी-६ई भरायचा.

नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधीच्या सहा महिन्यांत करायचा, आणि मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे किमान चार महिने शिल्लक असताना. वार्षिक विवरण एफसी-४ मध्ये, ३१ डिसेंबरपर्यंत. वर्षभरात एक रुपयाही आला नसेल तरी शून्याचे विवरण भरावेच लागते.