चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही?

आमच्याकडे एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर) चपला घ्यायला येणारे बरेच जण सांगतात, "चप्पल मागे राहते आणि मी तसाच पुढे जातो." ही लक्षणं पायांच्या नसांची असू शकतात.

मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, हातापायांत पसरलेल्या नसांना इजा झाली की डॉक्टर त्याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात बहुधा पायाच्या बोटांपासून होते. मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, पांघरूणही टेकवत नाही. पुढे पाय बधिर होतात आणि दुखणं थांबतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं. आम्हाला खरी काळजी इथेच वाटते, कारण आता खडा टोचला तरी कळणार नाही.

मधुमेह हे मोठं कारण. शिवाय बी-12ची कमतरता, दारू, कुष्ठरोग, केमोथेरपीची काही औषधं. शाकाहारी असाल किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असाल, तर बी-12 तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी पाय तपासून घ्या. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तो जाणवला नाही तर पायाला धोका आहे.

चपलेने नस बरी होत नाही, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. तिचं काम जखम टाळण्याचं. आतलं मऊ एमसीआर रबर भार तळव्यावर पसरवतं, खालचा टणक सोल काटा आत येऊ देत नाही. आम्ही खिळे मारत नाही आणि मागे पट्टा लावतोच. माप द्यायला संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नवी चप्पल पहिले काही दिवस तासभरच घाला, मग पाय लाल झालाय का बघा. रबर अंगठ्याने दाबून पाहा. खड्डा तसाच राहिला तर ते बदलायला आणा.

घालण्यापूर्वी आत हात फिरवा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. गरम पाण्यात पाय बुडवू नका. कुरूप ब्लेडने कापू नका, त्यावर कॉर्नपट्टीही लावू नका. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड येतात. निदान जाड मोजे तरी घाला.

जखम किंवा फोड दिसला तर चप्पल दाखवायला आमच्याकडे नंतर या. आधी डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी.