करिअर-शोध आणि रेझ्युमे-लेखन (उच्च प्राथमिक स्तर)

साधारण ११ ते १४ वर्षांच्या विद्यार्थ्यांना निरनिराळ्या व्यवसायांची ओळख करून देणे, त्या ओळखीच्या आधारे स्वतःच्या आवडी व क्षमता तपासायला लावणे आणि आपण केलेले काम रेझ्युमेत, म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत द्यायच्या स्वपरिचयात, थोडक्यात, नेमक्या शब्दांत लिहायला शिकवणे, असा हा शालेय उपक्रम आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत तो कुठे स्वतंत्र तासिकेत, कुठे भाषेच्या तासाला जोडून, तर कुठे समुपदेशकाच्या देखरेखीखाली चालतो. या वयात व्यवसाय ठरवून टाकावा अशी त्यात अपेक्षा नसते.

व्यवसाय-मार्गदर्शनाचा पाया फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे काढलेल्या केंद्रातून घातला गेला. स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंचा तर्कशुद्ध मेळ, ही त्यांची त्रिसूत्री आजही वर्गांत वापरली जाते. पार्सन्स यांच्यासमोर मात्र शाळा सोडून कामाच्या शोधात निघालेले तरुण होते. शालेय अभ्यासक्रमात हा विषय पहिल्या इयत्तांपासून गुंफावा, असा आग्रह अमेरिकेचे शिक्षण आयुक्त सिडनी मार्लंड यांनी १९७१ मध्ये धरला. त्या विचारातून प्राथमिक वर्गांत ओळख, मधल्या वर्गांत शोध आणि वरच्या वर्गांत तयारी, अशी पायऱ्यांची मांडणी रूढ झाली.

हा शोध नेमका याच वयात का घ्यावा, याचे सर्वांत पटणारे उत्तर मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांच्या १९८१ च्या सिद्धांतात सापडते. त्यांच्या मते मुले व्यवसाय निवडण्याआधी पुष्कळ व्यवसाय नाकारत येतात. सहा ते आठ वर्षांच्या वयात ‘हे बायकांचे काम’, ‘हे पुरुषांचे काम’ अशा समजुतीने काही व्यवसाय गळतात. नऊ ते तेरा या वयात प्रतिष्ठेचा विचार शिरतो आणि ‘कमी दर्जाचे’ किंवा ‘आपल्या आवाक्याबाहेरचे’ वाटणारे आणखी काही बाद होतात. ही गाळणी बहुधा मुलाच्या नकळत चालते. म्हणजे सहावीच्या वर्गात शिक्षकासमोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनातील यादी कोरी नसते; ती आधीच बरीच आखूड झालेली असते, आणि ती पुन्हा लांबवणे हेच या स्तरावरचे मुख्य काम ठरते. ते झाले नाही तर काय होते, याचा अंदाज आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-पाहणीवरून येतो. तीत ४१ देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ४७ टक्के मुलग्यांनी आणि ५३ टक्के मुलींनी आपण वयाच्या तिसाव्या वर्षी कोणत्या कामात असू याचे उत्तर देताना केवळ दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एकाचे नाव घेतले होते.

वर्गात सहसा सुरुवात आवड-चाचणीने होते. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांवर (वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि पारंपरिक) अशा अनेक चाचण्या बेतलेल्या आहेत. गप्पांना तोंड फोडण्यासाठी त्या चांगल्या. पण बारा वर्षांच्या मुलाच्या आवडी अजून ठरायच्या असल्याने चाचणीचा निकाल त्याच्या माथी शिक्का म्हणून मारणे अयोग्य होय. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सूपर यांच्या आयुष्यभराच्या व्यवसाय-विकासाच्या मांडणीतही चौदाव्या वर्षापर्यंतचा काळ वाढीचा धरला असून खरा शोध त्यानंतर सुरू होतो.

चाचणीपेक्षा प्रत्यक्ष माणसांकडून अधिक शिकायला मिळते. जपानच्या ह्योगो प्रांतात १९९८ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आठवडाभर दुकाने, कार्यालये, शेते अशा ठिकाणी काम अनुभवतात. फिनलंडमध्ये वरच्या वर्गांत कार्यजीवनाची ओळख हा शालेय शिक्षणाचाच भाग असतो. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे, उदाहरणार्थ सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे, शिकण्याची तरतूद सुचवली आहे. भेटीचे फलित मुलांनी विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून असते. ‘तुम्हाला तुमचे काम आवडते का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘काल सकाळी आल्याआल्या काय केलेत?’ किंवा ‘कामातला कंटाळवाणा भाग कोणता?’ असे विचारले की परिचारिकेच्या दिवसातील नोंदवह्या आणि अभियंत्याच्या दिवसातील बैठका समोर येतात. म्हणून प्रश्नावली आधी वर्गात तपासून घ्यावी लागते.

रेझ्युमेचा भाग वरवर पाहता या वयाला विसंगत वाटतो, कारण विद्यार्थ्याकडे नोकरीचा अनुभव नसतो. तरीही भाषेचा धडा म्हणून त्याचे मोल मोठे आहे: येथे प्रत्येक दाव्याला पुरावा द्यावा लागतो. ‘मी मेहनती व जबाबदार आहे’ हे वाक्य पहिल्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक मूल लिहिते. शिक्षकाने ‘कशावरून?’ एवढेच विचारले की त्याच्या जागी ‘शाळेच्या वाचनालयात वर्षभर दर शनिवारी पुस्तकांची देवघेव नोंदवली व न परतलेल्या पुस्तकांची यादी केली’ असे वाक्य येते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, संघाचे सामान जपणे, विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृती उभारणे, घरच्या दुकानात हिशेब ठेवणे हे सारे रेझ्युमेत बसते. अनेक मुलांना ते ‘काम’ असल्याचे तोवर जाणवलेलेच नसते. क्रियापद आधी शोधायचे आणि विशेषण शेवटी, जमल्यास अजिबात नाही, असा साधा नियम वर्गात उपयोगी पडतो.

वाचणारा कोण, हे ओळखून मजकूर निवडणे हा पुढचा धडा. त्यासाठी लिओनार्दो दा व्हिंची याने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झा याला उद्देशून केलेल्या पत्राच्या मसुद्याचे उदाहरण देता येते. त्यात हलवता येणारे पूल, तोफा, चिलखती गाड्या यांची क्रमवार जंत्री असून चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. युद्धाच्या चिंतेत असलेल्या शासकाला आधी काय हवे आहे, हे त्याने हेरले होते. हाच विचार करून विद्यार्थी एका काल्पनिक जाहिरातीसाठी, समजा उन्हाळी शिबिरातील मदतनीसासाठी, आपल्या नोंदींचा क्रम बदलून पाहतात. एका पानाच्या पुढे जाऊ न देणे श्रेयस्कर, कारण काय गाळावे हे ठरवण्यातच निम्मे शिक्षण असते.

या वयाच्या मुलांच्या रेझ्युमेत घरचा पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र किंवा ओळख क्रमांक घालू नयेत आणि तयार रेझ्युमे सार्वजनिक संकेतस्थळावर चढवू नयेत. मूल्यमापन करताना कामगिरीची मोजदाद केल्यास ज्याच्या घरी छंदवर्गांना पैसे आहेत त्याचाच रेझ्युमे भरघोस ठरतो. त्यामुळे पहिल्या मसुद्यापासून शेवटच्या मसुद्यापर्यंत वाक्ये किती नेमकी झाली, यावर गुण देणे अधिक न्याय्य असते.