देवळाच्या जागेवरून पेटलेला तंटा: बॉक्सर उठावाची पार्श्वभूमी

चीनच्या शानडोंग प्रांतातल्या लीयुआनतुन गावात जेड सम्राटाचं देऊळ होतं. १८६९ मध्ये गावच्या सामाईक जमिनीची वाटणी झाली आणि देवळाची जागा नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या वाट्याला आली. त्यांनी ती कॅथलिक मिशनऱ्यांना दिली. देवळाच्या जागी चर्च उभं राहणार म्हटल्यावर गाव खवळलं. पुढची जवळजवळ तीस वर्षं हा तंटा कचेरीतून कचेरीत फिरत राहिला.

१९०० मध्ये चीनमध्ये परक्यांविरुद्ध भडकलेल्या बॉक्सर उठावाचं बीज मला या तंट्यात दिसतं. अफूच्या युद्धांनंतर झालेल्या तहांनी मिशनऱ्यांना चीनभर धर्मप्रसाराची मोकळीक दिली होती आणि कॅथलिकांच्या पाठीशी फ्रान्सचा राजदूत उभा असे. शेताच्या बांधावरून भांडण झालं तरी एका बाजूला पाद्री उभा राही, आणि वरून दट्ट्या येईल या धास्तीनं न्यायाधीश मान तुकवी. धर्मापेक्षा न्यायाची ही आबाळ गावकऱ्यांना जास्त सलत होती.

अखेर गावकऱ्यांनी झाओ सानदुओ या वस्तादाकडे धाव घेतली. तो ‘मेईहुआ’ नावाच्या मुष्टियुद्धाच्या आखाड्याचा. जत्रेत खेळ करून दाखवणारी ही मंडळी १८९७-९८ मध्ये तंट्यात उतरली आणि त्यांनी नवं नाव घेतलं, ‘यिहेछ्वान’: न्याय आणि ऐक्याची मूठ. परदेशी लोकांनी मुठींचा सराव पाहिला आणि त्यांना ‘बॉक्सर’ म्हणून टाकलं.

तोवर शानडोंगवर संकटांची रांग लागली होती. १८९५ मध्ये जपानकडून चीनचा पराभव झाला. नोव्हेंबर १८९७ मध्ये दोन जर्मन पाद्र्यांचा खून झाला आणि तेवढं निमित्त करून जर्मनीनं जियाओझोऊचा उपसागर बळकावला. १८९८ मध्ये पीत नदीला महापूर आला, त्यापाठोपाठ दुष्काळ पडला. चर्चनं आभाळ अडवलंय म्हणून पाऊस पडत नाही, अशी पत्रकं भिंतींवर झळकू लागली. पेरणी खोळंबलेल्या शेतकऱ्याला ते पटत होतं.

आणि मग पोरांच्या अंगात यायला लागलं. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको. तरुण पोरगा धूप लावायचा, मंत्र पुटपुटायचा, भुईवर कोसळायचा आणि उठायचा तो गुआन यू किंवा वानरराज सुन वुकोंग होऊन. ही दैवतं त्याला जत्रेतल्या नाटकांतून तोंडपाठ होती. अंगात देव असला की गोळी लागत नाही, अशी श्रद्धा. मुलींची पथकं ‘लाल कंदील’ म्हणून ओळखली जात.

‘छिंगांना साथ द्या, परक्यांचा नायनाट करा’ ही बॉक्सरांची घोषणा. छिंग म्हणजे तेव्हा चीनवर राज्य करणारं घराणं. दरबार बराच काळ दुटप्पी वागला. १८९९ च्या अखेरीस शानडोंगचा सुभेदार झालेल्या युआन शिकाईनं बॉक्सरांना चेपलं, पण तोवर लोण उत्तरेला राजधानीकडे पोचलं होतं. रेल्वेचे रूळ उखडले गेले, तारा तुटल्या. २० जून १९०० रोजी जर्मन राजदूत फॉन केटेलर बीजिंगच्या रस्त्यात मारला गेला, परदेशी वकिलातींना वेढा पडला आणि दुसऱ्याच दिवशी राजमाता त्सू-शीनं युद्ध पुकारलं. वेढा ५५ दिवस चालला. या उठावात सर्वांत जास्त बळी गेले ते चिनी ख्रिश्चनांचे. गावच्या शेजाऱ्यांनीच त्यांना कापलं, हे विसरून या उठावाचं कौतुक करता येत नाही.

१४ ऑगस्टला आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या. इंग्रजांच्या बाजूनं लढणारे बरेचसे शिपाई हिंदुस्थानी होते: राजपूत, शीख, पंजाबी. सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंह यांनी परतल्यावर ‘चीन में तेरह मास’ हे पुस्तक हिंदीत लिहिलं. उद्ध्वस्त गावं आणि चिनी माणसांचे हाल बघून त्यांचं मन कळवळलं होतं. परक्याच्या हुकमतीखाली दुसऱ्या आशियाई देशावर चालून गेलेल्या शिपायाची ही नोंद मला फार मोलाची वाटते.

शहर मनसोक्त लुटलं गेलं. त्सू-शी शेतकरणीच्या वेशात शिआनकडे पळाली, आणि जूनमध्ये ज्यांना देशभक्त म्हटलं त्याच बॉक्सरांना ठेचण्याचं फर्मान तिच्याच दरबारानं सप्टेंबरमध्ये काढलं. ७ सप्टेंबर १९०१ च्या तहात ४५ कोटी ताएल (ताएल हे चांदी मोजायचं चिनी वजन) चांदीची खंडणी ठरली, वर ४ टक्के व्याज, फेड ३९ वर्षांत. चीनची लोकसंख्या तेव्हा अंदाजे ४५ कोटी धरली जाई. माणशी एक ताएल, असा तो हिशेब होता.